फोटोतली तीट

परवा तुम्ही बाळाचा फोटो पाठवलात, तो पाहिला आणि मी फोन पालथा ठेवला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण लिहिते.

तुमचे बाबा आठ महिन्यांचे होते तेव्हा आम्ही जानेफळला राहत होतो. वर्षाच्या आत मुलाचा फोटो काढायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. मी इंग्रजी शिकलेली, बाळाच्या वजनाची, दातांची वही ठेवणारी. मला ती रीत पटत नव्हती, आणि माझ्या आईला नातू बघायचा होता. म्हणून मेहकरला देवीची लस टोचायला जातो असं सांगून तुमचे आजोबा आणि मी बाळाला घेऊन निघालो. सासूबाईंनी बाळाच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावून दिली. लसही टोचली आणि फोटोही काढला.

आठव्या दिवशी दुपारी बाळाला ताप चढला. लसीची जागा सुजली होती. असा ताप येतो, हे मी वाचलेलं होतं. त्याच संध्याकाळी तुमच्या आजोबांनी मेहकरहून फोटो आणला. तो माझ्या हातातून सासूबाईंनी घेतला.

"तीट कुठी गेली?"

"फोटोवाल्यानं काढून टाकली, माय," आजोबा म्हणाले. "म्हणे, डाग दिसते."

"पोराले उघडं पाडलं रे त्यानं!"

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी मात्र पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून एक पिवळा पडलेला फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. "हा कोन, सांग."

"आपलंच बाळ," मी म्हणाले. तेच कपाळ, अंगठा आत दाबून मिटलेली तीच मूठ, वरच्या बाजूला दुमडलेला तोच डावा कान.

"हा तुह्या नवऱ्याचा मोठा भाऊ. फोटो काढला अन् पंधरा दिसांत गेला."

त्याच्या गालावरही तीट नव्हती.

तुमचे बाबा आज साठीला आले आहेत, तुम्हाला शेवट ठाऊक आहे. मला तेव्हा ठाऊक नव्हता. मी दर चार तासांनी ताप मोजून वहीत लिहीत होते. एकशे दोन, एकशे तीन, पुन्हा एकशे तीन. आकडा लिहून झाला की पाळण्याकडे बघायचं धैर्य होत नसे, कारण तिथे मला पेटीतलं बाळ दिसायचं. दुमडलेला कान मी बोटाने सरळ करून बघायची. सोडला की तो पुन्हा दुमडायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने दूधही तोंडात धरलं नाही. मी वही मिटली, काजळाची डबी उघडली आणि आमच्या फोटोतल्या गालावर बोट टेकवलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"काऊन वं, एवढीशीच? मोठी लाव."

मी मोठी लावली. मग त्यांनी डबी माझ्याकडून घेतली, पेटीतला फोटो मांडीवर ठेवला आणि इतक्या वर्षांनी त्या बाळालाही लावली. तीट गालावरून हनुवटीपर्यंत फरफटली.

"आता त्याले काय कामाची," त्या म्हणाल्या, "पन लावली."

दुपारी ताप उतरला. लसीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरतोच, तसं मी वहीत लिहिलं. तिटेचं लिहिलं नाही.

तुमच्या बाळाचा डावा कान वरच्या बाजूला दुमडलेला आहे. फोटो काल छापून आणवला आणि मगच तुम्हाला उत्तर लिहायला बसले. त्यातल्या बाळाच्या गालावर काळा डाग दिसेल. इकडे याल तेव्हा हसा खुशाल, पण तो पुसू नका.