मुहूर्ताच्या गाडीतून आले कंप्युटर

मंडळी, आज मी शाळेच्या पटांगणात फुगडी घालायचीच तेवढी बाकी ठेवली!

मी घाटंजीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेत कंप्युटर नव्हता. गावालगतच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मात्र चार आहेत, अन् कापसाचा हंगाम संपला की ते झाकून पडतात. म्हणून पावसाळाभर आमच्या सातवीच्या मुली तिथे शिकायला जायच्या. जिनिंगच्या मालकांची, शेठजींची, अट एकच होती: कापूस खरेदी सुरू झाली की शिकणं बंद.

आज खरेदीचा मुहूर्त होता. वजनकाट्याची पूजा झाली. पहिला कापूस आणणाऱ्या देवरावभाऊंना शेला-नारळ दिला, त्यांच्या गाडीला झेंडूचा हार घातला. मुली तोंड पाडून उभ्या होत्या. शेवटी मीच धीर केला, "शेठजी, एखादा तरी ठेवा ना यांच्यासाठी."

तेवढ्यात देवरावभाऊ म्हणाले, "मुहूर्ताची गाडी घरी रिकामी नाही नेत आपल्यात. मंग मी काय नेऊ? माही पोट्टी बी त्याच शाळेत हाय न!"

शेठजी हसले. "काट्यापाशी एक राहू द्या. बाकी तीन न्या शाळेत. मले कमी पडले तर मी नवे घेईन."

हार घातलेल्या गाडीत तीन कंप्युटर अन् मागे ओरडत पळणाऱ्या मुली! शाळेत कीबोर्ड उलटा केला, तर त्यातून कापसाचा बोळा पडला.

तुमच्या गावात कोणाकडे काय झाकून पडलंय? जाऊन मागा. अन् जाताना एक रिकामी गाडी सोबत न्या!