सात नंबरची शिट्टी

दत्तातात्या पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, शिट्टी ऐकवली. बारामतीतल्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जोडघर ते, त्यांची आणि आमची मधली भिंत एकच. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक उंच गृहस्थ उठले, तोंडाचा चंबू केला आणि माझ्या बायकोच्या देखत एक लांबलचक शिट्टी घातली. "ह्यात काय कमी वाटतंय?" त्यांनी मला विचारलं. "काही नाही, छान आहे," मी म्हणालो. "मग तुमाला कानच न्हाईत," असं म्हणून ते आमचं कपाट धरायला आले.

तात्या मूळचे कळंबचे. सगळी नोकरी कालव्यावर झाली. कुठल्या फाट्याला पाणी कधी सोडायचं, कुणाच्या पाण्याचं दार कधी पाडायचं, हे त्यांचं काम. पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत अशा मुलखात हा माणूस निवृत्त होईपर्यंत सगळ्यांच्या घरी चहा पीत राहिला. "सगळी दारं एका टायमाला उघडायची न्हाईत. एवढं पाळलं की कालवा चालतो," असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत जातात, तात्या रेल्वेत गेले. पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी खेळण्यातली आगगाडी पाहिली आणि येताना एक इंजिन घेऊन आले. 'खेळण्यातली' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल होतं. आलेल्या माणसाने स्वयंपाकघरात जायचं तर टेबलाखालून वाकून जायचं. टेबलावर रूळ आणि रुळांवर वीतभर लांबीची इंजिनं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चिप, तिला डिकोडर म्हणतात, आणि शर्टाच्या गुंडीएवढा स्पीकर. रुळात वीज कायम खेळत असते, पण हातातल्या यंत्रावर ज्या इंजिनाचा नंबर दाबाल तेच ऐकतं. तेच धावतं, तेच फुसफुसतं, तेच शिट्टी देतं. माझ्या डोक्यात हे शिरेना, तेव्हा तात्या म्हणाले, "पाणी कालव्याच्या सगळ्या चाऱ्यांत एकच असतं, पोस्टमास्तर. पर ज्याच्या नावानं दार उघडलं त्याचंच रान भिजतं." मी टपाल खात्यात साधा कारकून होतो. पण तात्यांनी मला दिलेली बढती मी कधी नाकारली नाही.

त्या चिपच्या आत आवाज, वेग, शिट्टी यांचे वेगवेगळे नंबर असतात. तात्या त्यांना गट नंबर म्हणत. "आज त्रेसष्टात जरा जास्त पेरलं," म्हणजे आवाज वाढवला. सगळंच बिघडलं तर आठ नंबरात आठ घालायचे, की चिप नवी आल्यासारखी होते. याला त्यांनी 'सातबारा कोरा' असं नाव दिलं होतं, आणि तो इतक्या वेळा कोरा व्हायचा की सरकारला लाज वाटावी. हे सगळं करायला टेबलाच्या कडेला रुळाचा एक सुटा तुकडा होता. एक खटका दाबला की यंत्राचा हुकूम फक्त त्या तुकड्यात जायचा आणि तिथे एका वेळी एकच इंजिन ठेवायचं, कारण नंबर पेरताना रुळावर जे जे उभं असेल ते ते तो घेतं. "रोपं वाफ्यात करायची, रानात न्हाय," हा त्यांचा नियम.

एवढा खटाटोप कशासाठी, ते शालनकाकूंमुळे कळलं. काकू म्हणजे तात्यांची बायको. त्यांचं बालपण वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्यांचे वडील, अण्णा, उसाच्या वाघिणी ओढणारं छोटं इंजिन चालवत. दुपारच्या जेवणाला येताना वळणावर ते शिट्टी द्यायचे आणि ती ऐकली की काकूंची आई तवा चुलीवर टाकायची. बाप दारात आणि भाकरी ताटात, यात कधी अंतर पडलं नाही. लग्न झाल्यापासून तात्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की न पाहिलेल्या सासऱ्याच्या शिट्टीवर त्यांचा जीव जडला होता. त्यात काकूंचे कान जायला लागले. मशीन लावून थोडे दिवस निघतील, पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती शिट्टी काकूंना एकदा ऐकवायची, आणि कान आहेत तोवर ऐकवायची, एवढा एकच ध्यास तात्यांनी घेतला.

काकू परीक्षक म्हणून फार कडक होत्या. नवं इंजिन आलं, त्यात नवी शिट्टी भरली, की तात्या स्वयंपाकघराकडे तोंड करून वाजवत, आणि आतून निकाल येई. "न्हाय. ही रडती." "ही म्हशीवानी हाय." "ही पोलिसाची. अण्णा काय चोर पकडायला जात न्हवतं." एकदा मात्र त्या टेबलाखालून वाकून बाहेर आल्या आणि समजावून सांगायला लागल्या, "ती एकटी वाजल्यावानी वाटायची न्हाय ओ. तिच्यात लई जणं असायची."

"वाफंची शिट्टी एकच असती," तात्या म्हणाले.

"मग तुमीच ऐका," म्हणून काकू परत वाकून आत गेल्या.

प्रत्येक नापास शिट्टी ज्या त्या इंजिनात तशीच राहिली. त्रेसष्टातली पेरणी मात्र वाढत गेली. काकूंचे कान किती गेले, हे आम्हाला भिंतीतून डॉक्टरांच्या आधी कळायचं. आमचं कॅलेंडर खिळ्यावरून पडायला लागलं. बायको एकदा तावातावाने सांगायला गेली आणि वाटीभर शेंगोळे घेऊन परत आली. तेव्हापासून कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर गेलं.

शेवटी तात्यांनी साक्षीदार बोलवायचं ठरवलं. ती शिट्टी ऐकलेला काकूंशिवाय एकच माणूस उरला होता, त्यांचा भाऊ मधुकरराव. वडगाव निंबाळकरला त्यांच्या म्हशी होत्या, आणि मानपान म्हशींपेक्षा जास्त होता. भाचीच्या लग्नात फेटा बांधायला उशीर झाला म्हणून ते न जेवता निघून गेले होते आणि पुढे कितीतरी दिवाळ्या काकूंना ओवाळणी मिळाली नव्हती. ते आले. मीही होतो, कारण खुर्च्या आमच्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर मधुकररावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर जेवढी मोकळी जागा दिसली तिथे ठेवली. ती नेमकी त्या सुट्या तुकड्यावर.

तात्यांच्या हातात नवं इंजिन होतं. त्याला सात नंबर द्यायचा होता. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "मेव्हण्याची टोपी हलवायची?" ते नंतर कधीतरी मला म्हणाले. "बायको ह्या वयात माहेरी गेली असती." त्यांनी नवं इंजिन मोठ्या रुळांवर, बाकीच्यांच्या रांगेत ठेवलं, खटका तिकडे टाकला आणि सात नंबर पेरला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी वाफा सोडून रानात रोप केलं. रानात तर सगळीच उभी होती. सगळ्यांनीच सात नंबर घेतला.

मग त्यांनी मोठ्या रुबाबात सात दाबून शिट्टीचं बटण दाबलं.

रडणारी, म्हशीवानी, पोलिसाची, आजवर नापास झालेली एकूण एक शिट्टी एकदम सुटली, तीही त्रेसष्टात भरघोस पेरलेली. मधुकररावांनी झडप घालून टोपी उचलली. खिडकीची तावदानं थरथरली. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळी दारं उघडली," ते पुटपुटले आणि त्यांचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

तेवढ्यात आत तवा वाजला. काकू पिठाचे हात घेऊन टेबलापलीकडे दारात उभ्या होत्या. "अण्णा आलं," त्या म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी तोच पिठाचा हात तोंडावर ठेवला. "ह्यीच," हात काढून त्या म्हणाल्या. "अशीच व्हती. परत वाजवा."

तात्यांनी परत वाजवली. मधुकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि परक्या माणसासमोर आपल्याला रडवलं म्हणून ते तात्यांवर रागावलेही होते. मी पुन्हा छताकडे पाहिलं, पण या वेळी कारण वेगळं होतं.

मोबाईलवरच्या रेल्वेवाल्या ग्रुपमधल्या एका इंजिनिअरने तात्यांना सांगितलं की इंजिनांना वेगळे नंबर देऊनही शिट्टी एकत्र वाजवता येते, सोपं आहे. तात्यांनी साफ सांगितलं, "आता हात लावायचा न्हाय." गाड्या धावणं बंद झालं, कारण एक हलवली की सगळ्या हलायच्या आणि एकमेकींवर चढायच्या. त्यांनी सगळी इंजिनं वळणावर एका ओळीत उभी केली. रोज भाकरीच्या वेळेला शिट्टी व्हायची. आमच्या घरीही तवा तेव्हाच चढायला लागला. उभ्या नोकरीत दोन दारं एकदम न उघडणारा माणूस सगळी दारं उघडी टाकून ओट्यावर निवांत बसायला शिकला.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. दुपारी जेवले, ताटावरच "भाकरी बरी झाली" म्हणाले, आडवे झाले ते उठले नाहीत. मधुकरराव आले होते. घरात पाऊल टाकताना त्यांनी टोपी काढली आणि जाईपर्यंत कुठेही ठेवली नाही, हातातच धरून बसले. मला तात्यांची फार आठवण येते. चेष्टा करायला शेजारी उरला नाही म्हणून तर येतेच, पण नुसतीही येते.

काकूंना आता काहीच ऐकू येत नाही. तरी भाकरीच्या वेळेला त्या टेबलापाशी जातात, सात दाबतात, शिट्टीचं बटण दाबतात आणि ओट्यावर येऊन मला विचारतात, "वाजली का?" मी हात वर करतो. मग त्या आत जाऊन तवा टाकतात.

परवा गुरुवारी सकाळपासून लाईट नव्हती. पंखा बंद आहे हे त्यांनाही दिसत असणारच. तरी त्या वेळेवर ओट्यावर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाजली का?"

मी हात वर केला. आमच्या स्वयंपाकघरात बायकोने तवा आधीच ठेवला होता.