गाडीची ओटी

आमच्या घरी आधी एक मोटर आली आणि तिच्या मागोमाग मी, असं सगळे सांगतात. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. ती मोटर नसती तर मी नसते.

मोटर प्रमोदिनीताईंची. ताई म्हणजे इंदूरच्या निम्म्या मराठी घरांच्या नर्सबाई. संस्थानच्या दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि घरोघरी जाऊन बाळंतपणं करू लागल्या. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. कळा देणारी बाई किंचाळली की म्हणायच्या, "ओरड गं, पण श्वास घेऊन ओरड."

त्यांना छळायचा तो टांगा. भंवरकुआं तेव्हा गावाबाहेर, सगळी शेतं. तिकडे जायचं म्हटलं की टांगेवाल्यांच्या घोड्यांना एकदम दुखणी फुटायची. आदल्या पावसाळ्यात अशाच एका घरी ताई चिखल तुडवत पोचल्या, तोवर बाळ गेलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा, असं त्यांचे थोरले बंधू शंकरराव सांगत.

म्हणून मोटर घ्यायचं मनात आलं. सरदार-जहागीरदार तेव्हा आपापले मोटारखाने रिकामी करत होते. पलासियाला राहणाऱ्या अप्पासाहेब जहागीरदारांची हिरवी स्पोर्ट्स कार विकायला निघाली होती. दोनच सीटा, वर कापडी टप, आणि आवाज असा की गायींनी दावं तोडावं. कुटुंबवाल्याला ती काय कामाची? पण ताईंना पुरेशी होती, एक सीट आपल्याला आणि एक पिशवीला. अडचण होती ती मैलांची. शिकारी, शर्यती, मांडूच्या सहली, अप्पासाहेबांनी तिला इतकी पळवली होती की मीटर वाचून शंकरराव ओट्यावर खालीच बसले आणि बहिणीला म्हणाले,

"बेबी, ही तो पूरी घिसून गेली आहे! बीच रस्त्यात बंद पडली तर?"

"दादा, सूनबाईच्या बाळंतपणाला तुम्ही नई नर्स शोधली होती का?"

"त्याचा इथे क्या संबंध?"

"पुष्कळ बाळंतपणं केलेलीच हवी होती ना? मग गाडीनं पुष्कळ मैल केले तर इतका हंगामा कशाला?"

शंकरराव धोतर झटकून उठले. पण भावाला गप्प करणं सोपं. तिकडे बाई अडली आहे आणि गाडी रस्त्यात बसली आहे, ही धास्ती ताईंच्याही पोटात होतीच. अप्पासाहेब दिलदार माणूस. म्हणाले, "बाई, चार दिवस चालवून बघा. पटली तर ठेवा, नाही तर वापस." दवाखान्याची व्हॅन चालवायला ताई शिकल्या होत्याच. त्या गाडी घेऊन आल्या आणि आळीतल्या बायका खिडक्यांना लोंबकळल्या.

दुसऱ्याच सकाळी माझे वडील सायकलवरून धापा टाकत त्यांच्या दारात आले. आई पहिलटकरीण, भंवरकुआंला आमचं घर, कळा सुरू झालेल्या. ताईंनी वडिलांना सीटवर बसवलं, मांडीवर पिशवी दिली आणि गाडी काढली. अर्धी वाट झकास गेली. मग चढावर गाडीनं वाफ सोडली आणि थांबली.

वडील रडायच्या बेतात. ताईंनी तिला थोडी निवू दिली, पदरानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि बाळंतपणासाठी बरोबर घेतलेलं उकळून गार केलेलं पाणी सगळं त्यात ओतलं. "पी बाई," म्हणाल्या. गाडी चालू झाली. माझ्या गळ्याला नाळेचा वेढा होता. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते आई मला आजही सांगत नाही.

मला न्हाऊमाखू घालून ताई हात पुसत होत्या, तेव्हा त्यांचं ठरलं होतं. गाडी परत करायची. आज निभावलं, रोज कसं निभावणार?

इकडे माझी आजी, शारदाबाई, ताट घेऊन दाराशी घुटमळत होती. खण, नारळ, तांदूळ, कुंकू. जिनं सून आणि नात दोघी वाचवल्या तिची ओटी भरावी, असा तिचा जीव तुटत होता. पण ताई विधवा. विधवेची ओटी भरायची नाही, हे आजीच्या हाडीमाशी भिनलेलं. भरवेना आणि ताट परतही नेववेना. शेवटी ती अंगणात गेली. गाडीच्या नाकावर हळदकुंकू लावलं, सीटवर हिरवा खण पसरला, त्यावर नारळ आणि तांदूळ ठेवले. गाडी ताईंची नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

ताई बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. इतक्या घरांतून त्या नारळ घेऊन परतल्या होत्या. कुंकवाची डबी मात्र त्यांना बघून झाकली जायची.

त्या थेट पलासियाला गेल्या. "अप्पासाहेब, हिची ओटी भरली गेली. आता वापस कशी पाठवू?"

अप्पासाहेबांनी कुंकवाकडे पाहिलं. "नका पाठवू, बाई. आमच्याकडे बिचारीला फक्त धूळ मिळाली."

पुढे ती गाडी कितीदा बंद पडली, त्याला गणती नाही. पण जिथे पडे तिथे कोणीतरी धक्का द्यायला धावे. ताई बघ्यांना इंदुरी ढंगात ऐटीत सांगत, "अरे भिया, हे सगळे मीच जन्माला घातलेत." त्या खणाची चोळी त्यांनी कधी शिवली नाही. "तो गाडीचा आहे, माझा नाही," म्हणत. गाडी भंगारात गेली तेव्हा तो खण त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला.

माझ्या मुलाच्या बारशाला ताई आल्या, काठी टेकत. मी ताट घेऊन उठले तर आजीनं हात धरला. मला वाटलं, अडवते आहे. ती म्हणाली, "थांब, मला धरून ने. त्या वेळी मी गाडीची भरली. जिची भरायची ती राहिलीच." तिनं ताईंना कुंकू लावलं आणि आम्ही दोघींनी मिळून ओटी भरली.

महिन्याभरानं त्या बाळाला बघायला आल्या. अंगात हिरव्या खणाची चोळी होती, घडीवर जरा विटलेली.

"गाडीचा ना हा?" मी विचारलं.

"माझा," ताई म्हणाल्या.