उजव्या बाजूचा खिसा

महेशचा फोन सकाळीच आला. "काकाजी, बाबूजी नहीं रहे," एवढंच म्हणाला. महेश म्हणजे माझा दोस्त दसरू टेलर, त्याचा मुलगा. मी चप्पल घातली आणि निघालो. इकडं मध्य प्रदेशात, बालाघाटात, आमची दोघांची घरं एकाच वॉर्डात, मध्ये दोन गल्ल्या आणि एक चहाची टपरी. पोचलो तेव्हा अंगणात बांबू येऊन पडले होते, आतून बायांचं रडणं ऐकू येत होतं. मला पाहून लोक बाजूला झाले. पन्नास वर्षांची दोस्ती, आता हा मिस्त्री, म्हणजे मी, गळा काढणार असं साऱ्यांना वाटलं असेल. मी दसरूच्या तोंडाकडे पाहिलं आणि महेशला विचारलं, "मशीन काढली काय?"

महेशचे डोळे लाल झालेले. "काकाजी, ये कोई टाइम है?" मागून कोणीतरी पुटपुटलं, बुढा दगड आहे दगड.

"हाच टाइम हाय," मी म्हटलं. "मंग नाई काढता येत."

दसरूच्या छातीत, डाव्या हासळीच्या, म्हणजे गळ्याजवळच्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवलेला होता. माचिसच्या डबीहून लहान. त्यात बॅटरी असते आणि चितेच्या आगीत ती फुटते. सहा वर्षांआधी नागपूरच्या डॉक्टरला मीच विचारलं होतं, माणूस गेल्यावर याचं काय करायचं म्हणून. तेव्हा महेश औषधं आणायला खाली गेला होता. ऐकणारा मी एकटाच. म्हणून त्या दिवशी मी अडून बसलो, तिरडी उचलू दिली नाही. शेवटी महेशनं डॉक्टर आणला. डॉक्टरनं दार लावून ते काढलं, टाके घातले, यंत्र आपल्यासोबत नेलं. मग आम्ही दसरूला वैनगंगेवर नेलं. लोक म्हणाले, मिस्त्रीला मशीनचीच फिकीर. म्हणू द्या. दसरूच्या छातीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक आधीच झाली होती, दुसरी मला होऊ द्यायची नव्हती. ती पहिली चूक दसरू असेपर्यंत मी कोणाजवळ कबूल केली नाही. तीच लिहायला बसलो आहे.

मी लालबर्रा रोडवरच्या एका राईस मिलमध्ये चाळीस वर्षं मिस्त्री होतो. शाळा चौथीपर्यंत. पण पेचकसचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय दुखतं ते सांगायचं, हे काम माझ्यासारखं कोणाला जमत नव्हतं. मालक मोठ्या शहरातून इंजिनीयर बोलवायचा आणि तो इंजिनीयर माझ्याकडे पाहायचा. दसरूचं दुकान मिलच्या समोर. माझ्या अंगावरचा प्रत्येक सदरा त्यानं शिवलेला. काम सुटल्यावर, म्हातारपणी, सकाळी टपरीवर भेटायचं हा आमचा नेम. तिथं एक खेळ सुरू झाला. मी घड्याळ समोर धरून त्याची नाडी मोजायची, त्यानं माझी मोजायची, कोणाचं इंजिन चांगलं ते पाहायचं. माझी सत्तरच्या पुढं यायची. त्याची एके दिवशी आली चाळीस.

"अबे चाळीसच?" दसरू म्हणाला. "बंद पडून राह्यली का काय?"

"काही बंद नाई पडत. जे इंजिन धीमं चालते, ते जास्त दिवस टिकते. घासतच नाई ना ते. तुह्यं तं जुनं डिझल इंजिन हाय, शंभर वर्षं चालते."

टपरीवाला हसला, दसरूही हसला. त्यानं ते साऱ्या बाजाराला सांगितलं, मिस्त्रीनं पास केलं म्हणून. पुढचे चार महिने त्याची नाडी चाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस अशीच येत राहिली. मधून मधून तो म्हणायचा, "उठलो का डोयापुढं अंधारी येते बे." मी म्हणायचो, ऊन बाधलं. म्हणायचो, पाणी पीत जा. अनसूयावैनी, त्याची बायको, दवाखान्याचं म्हणाल्या तर तो त्यांना सांगायचा, "मिस्त्रीले मालूम हाय सारं, तू नोको शिकवू." हे मला मागून कळलं... खरं सांगायचं तर तेव्हाच कळलं होतं. ऐकून छाती फुगली होती माझी.

मग एक दिवस दुपारी मी त्याच्या दुकानात बसलो होतो. तो शिवत होता. पायाखालची मशीन आपल्या तालात चालली होती, आणि ताल तुटला. मला आवाज आधी कळतो, माणूस मागून दिसतो. पाहिलं तर त्याचं डोकं मशीनवर टेकलेलं, कपाळाखाली कोणाच्या तरी पँटचं कापड. मी मनगट धरलं. मोजत होतो आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा संपतच नव्हती. पुढचा ठोका येतो का नाही, असं कोणत्याच इंजिनाबद्दल मला कधी वाटलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. तोवर तो शुद्धीवर आला होता. डॉक्टरनं पट्टी पाहून सांगितलं की हृदयाच्या वरच्या भागातून ठोक्याचा इशारा निघतो, पण तो खाली पोचत नाही, म्हणून खालचा भाग आपल्या मनानं हळूहळू चालला आहे. नागपूरला न्या, पेसमेकर लागेल. मग विचारलं, "नाडी इतनी धीमी कब से है?"

खबर ऐकून आलेल्या वैनींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही... नुसतं पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. चार महिन्यांचा रोजचा आकडा माझ्या तोंडात होता आणि तोंड उघडलं नाही. खाटेवरून दसरूच बोलला, "आज ही हुआ, साहब. कल तक तो बढ़िया था." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मिस्त्री, माहे चष्मे दुकानातच राह्यले. मशीनवर असतीन, पाह्य बरं." मला तिथून बाहेर जायला त्यानं काम दिलं होतं.

नागपुरात मी डॉक्टरचं डोकं खाल्लं. बॅटरी किती वर्षं चालते, बंद पडली तर, यंत्र मन मानेल तसं ठोके देत सुटलं तर... डॉक्टर तरुण होता, पण चिडला नाही. म्हणाला, ते हृदयावर लक्ष ठेवतं. हृदय आपलं आपण चाललं तर ते गप्प राहतं, मागं पडलं तरच धक्का देतं. साठच्या खाली जाऊ देत नाही.

"मंजे गव्हर्नर," मी म्हटलं. इंजिनाचा वेग पडू न देणारा पुर्जा असतो, त्याला आम्ही गव्हर्नर म्हणतो. डॉक्टर हसला, म्हणाला, हो, तसंच समजा. दसरू खाटेवरून बोलला, "पाह्यलं, साहेब? आता पास झाली तुमची मशीन."

घरी आल्यावर काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. टेलरनं हात उचलायचा नाही तर खांद्याचं माप कसं घ्यायचं? टेप मी धरला, आकडे मी ओरडायचो, तो लिहायचा. लांजीच्या एका नवरदेवाचा कोट असा झाला की त्यात दोन नवरदेव मावले असते. दसरू हसून हसून म्हणाला, "मिस्त्री, आता मले नोको हसवू, टाके तुटतीन." आणि मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका, यंत्राच्या अगदी जवळ येतो, असं सांगितलं होतं. त्याच्या लक्षात राहायचं नाही. म्हणून एक दिवस बसून त्यानं आपल्या साऱ्या सदऱ्यांचे खिसे उसवले आणि उजव्या बाजूनं लावले. बाजारात लोक पाहून हसायचे. त्या दिवाळीला माझा नवा सदरा आला, त्याचाही खिसा उजवीकडे.

"हे काय केलं बे?"

"एकटा मीच उलटा दिसू काय? तू भी दिस."

मी सदरा तिथंच फेकला. आठ दिवस त्याच्या दुकानाकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी जाऊन घातला. मग त्यानं माझे सारेच सदरे तसे शिवले.

आणि नाडी. नागपूरहून आल्यावर पहिल्या सकाळी मी टपरीवर गेलो तो मनात ठरवून, की आता तो खेळ नाही. दसरूनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मनगट पुढं केलं. माझा हात उठेना. "मोज ना," तो म्हणाला. मोजली. साठ. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "मशीन साठच देणार. काहून मोजू रोज रोज?"

"तुह्या हाताची सवय हाय मले. मोज."

सहा वर्षं त्यानं रोज मनगट पुढं केलं. जे मनगट मी चुकीचं वाचलं तेच. एकदाही तो त्या चार महिन्यांबद्दल बोलला नाही, आणि मीही नाही. मला वाटायचं विसरला असेल. या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला, छाती कफानं भरली, त्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, पेसमेकरनं शेवटपर्यंत आपलं काम केलं. यंत्रानं केलं. मला एक शब्द बोलायचा होता, तो राहिला.

तेरवीला पंगत उठल्यावर वैनींनी मला आत बोलावलं. दसरूची घरची शिवणमशीन खिडकीशी तशीच होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "वैनी, त्या दिवशी डॉक्टरनं इचारलं तवा मी बोललो नाई. मले मालूम होतं. चार महिन्यांपासून मालूम होतं. चूक माही होती."

वैनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "यांनी आयुष्यात एकदाच खोटं बोललं भाऊजी, तुमच्यासाठी. मले तवा लय राग आलता." मग उठून त्यांनी कपाटातून घडी घातलेला सदरा काढला. आजारी पडायच्या आधी त्यानं माझ्यासाठी कापला होता, शिवूनही झाला होता. "खिसा राह्यलता. तो मी लावला."

घडी उलगडून पाहिली. खिसा उजवीकडे होता.

आज तो घालून टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं दोन ग्लास ठेवले, मग एक उचलून घेतला. पेपर वाचायचा म्हणून चष्म्यासाठी हात डाव्या बाजूला गेला. इतकी वर्षं झाली, तरी हात आधी तिकडेच जातो. तिथं खिसा नाही, नुसती छाती आहे. हात तसाच राहिला... खाली माझं इंजिन चाललं होतं. मोजावं असं मनात आलं. पण मोजायचं तर घड्याळ दिसायला पाहिजे, घड्याळाला चष्मा पाहिजे, आणि चष्मा दसरूनं उजवीकडे ठेवला आहे.