उद्घाटनाआधीची बाग

आमच्या घराशेजारची नगर परिषदेची बाग तयार झाली, रंगरंगोटी झाली, आणि मग तिच्या फाटकाला कुलूप लागलं. कारण उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला मोठा माणूस हवा, मोठ्या माणसाची तारीख हवी, आणि ती तारीख काही केल्या मिळेना. फाटकाजवळच्या कोनशिलेवर लाल कापड टाकलं होतं. ते वाऱ्याने सारखं उडायचं, म्हणून कुणीतरी ते सुतळीने आवळून बांधलं.

बंद म्हणजे आपली म्हणायला बंद. मागे नाल्याच्या बाजूला कुंपणाचे दोन उभे गज कुणीतरी काढून नेले होते. खालचा आडवा गज तेवढा उरला होता, गुडघ्याच्या थोडा खाली. शेजारचा गज धरायचा, आडव्यावरून पाय टाकायचा, की झालं. सकाळी सगळा मोहल्ला आतच असायचा. पदर खोचलेल्या बाया व्यायामाच्या चकतीवर उभं राहून कंबर फिरवायच्या, आणि रस्त्यावरून कुणी विचारलं, "बाग सुरू झाली काय जी?" तर धापा टाकत सांगायच्या, "नाई बाप्पा, अजून कुठची!"

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. त्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. बोलणं वाचलं, हात वाचला, डावा पाय मात्र मागे ओढत राहिला. खामगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, सपाट जागेवर रोज चालवा, पाय सुधारायचा तो पहिल्या काही महिन्यांतच सुधारतो, मग राहील तसा राहतो. आता सपाट जागा आणायची कुठून? आमचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला. घरात म्हणाल तर चार पावलं टाकली की भिंत. बागेत मात्र कडेने छान फरशीचा रस्ता केलेला, सायकलसुद्धा न हलता जाईल असा.

पण बाबा बागेत यायला तयार नाहीत. त्यांची सगळी नोकरी याच नगर परिषदेत गेली, त्यातली बरीच वर्षं उद्यान विभागात. जुन्या बागेतला 'गवतावर बसू नये' हा फलक त्यांचाच. लहानपणी मैत्रिणींसमोर त्यांनी मलाही त्या गवतावरून उठवलं होतं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

"उद्घाटन झाल्याबिगर सार्वजनिक जागेत जाता येत नाई," ते म्हणाले.

"बाबा, सारे जाऊन राह्यले न!"

"जाऊ दे. साऱ्यायनं त्या आफिसात नोकरी केली काय?"

मी शाळेत शिकवते. माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. पण आधी सरळ मार्ग धरला. नगर परिषदेत गेले आणि सांगितलं, माझ्या वडिलांसाठी सकाळी तासभर फाटक उघडा. टेबलामागचा माणूस भला होता. म्हणाला, "कुलूप तं उघडता येत नाई मॅडम, पन काकायले अडवते कोन? मागून येऊ द्या न!" मी हसत हसत घरी आले. म्हटलं, आता तर खुद्द नगर परिषदेनेच सांगितलं.

"तोंडी सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"लेखी आन."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "बसा नियम कवटाळून," मी म्हणाले, "पाय गेल्यावर नियम चालवन काय तुमाले?" बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. त्या रात्री जेवले नाहीत. मीही मनवायला गेले नाही. मला वाटलं, हट्टी माणसाला हट्टानेच उत्तर द्यावं.

आमच्याकडे नळ आला की भल्या पहाटे येतो, तोही बऱ्याच दिवसांनी. एका पहाटे मी टाकी भरली का बघायला गच्चीवर गेले. नुकतं उजाडत होतं. गच्चीवरून सगळी बाग दिसते. मागच्या कुंपणापाशी बाबा उभे होते. एकटे, काठी कुंपणाला टेकवलेली. त्यांनी गज धरला आणि डावा पाय उचलला. तो आडव्या गजाला आपटून खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. मग त्यांनी आधी उजवा पाय टाकून बघितला, पण अंगाचा भार डाव्यावर आला तसा तो लटपटला आणि ते दोन्ही हातांनी गजाला लोंबकळले. मी ओरडणारच होते. त्यांनी स्वतःला सावरलं, इकडेतिकडे बघितलं, पायजम्याची धूळ झटकली आणि काठी घेऊन घराकडे वळले.

मी खाली येऊन बादल्या आपटायला लागले.

"कुठं गेल्ते बाबा?"

"पाहून आलो," ते म्हणाले. "कुलूपच हाये अजून."

मी न्हाणीत जाऊन रडले. या माणसाला मी नियमांवरून बोलत होते! नियम त्यांना प्यारा होताच, पण आता तो त्यांनी पायावर पांघरला होता, आणि मी तो ओढून काढत होते.

आमच्या शेजारी चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाबांचे जुने दोस्त. बागेचं कुंपण त्यांनीच केलेलं. त्यांना मी पाहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, त्याइले काई बोलू नको. मी पायतो."

संध्याकाळी चाचा एक लांब गज खांद्यावर घेऊन आले. "बाबूजी, दुकानात जागा नाई. तुमच्या वऱ्हांड्यात ठेवू काय? जमिनीवर ठेवला तं जंग लागते, म्हनून विटा लावतो खाली." दोन्ही टोकांना एकेक वीट लावून त्यांनी गज वऱ्हांड्यात आडवा टाकला, बरोबर खिडकीच्या गजांपाशी, म्हणजे धरायला सोय. बाबांना खुर्चीपर्यंत जायचं तर तो ओलांडावाच लागे. माझा जीव टांगणीला. मी स्वयंपाकघरातून एक डोळा तिकडे ठेवून पोळ्या लाटायची, आणि त्या नकाशासारख्या व्हायच्या.

आठवड्याभराने चाचा गज बघायला आले आणि जाताना दोन्हीकडे एकेक वीट वाढवून गेले. मग आणखी एकेक.

"हा गज काऊन वाढून राह्यला बे?" बाबांनी एकदा विचारलं.

"गज कायचा वाढते बाबूजी," चाचा म्हणाले. "तुमची जमीन खचून राह्यली."

बाबा खुळे नाहीत. पण त्यांनी गज काढायला सांगितलं नाही. दुपारी मी शाळेतून लवकर आले की वऱ्हांड्यातून काठीचा आवाज ऐकू यायचा. मी दारातच चपला हळू काढायची आणि थोडी थांबायची.

शेवटी तारीख मिळाली. मांडव पडला, भोंगे लागले, भाषणं झाली, फीत कापली गेली. ज्या बाया कित्येक महिने आत व्यायाम करत होत्या त्या नव्या साड्या नेसून बाहेर टाळ्या वाजवायला उभ्या होत्या. मागची फट बुजवायचं काम नगर परिषदेने चाचांना आधीच सांगितलं होतं. "उद्या करतो" म्हणत त्यांनी ते उद्घाटनाच्या दुसऱ्या सकाळवर आणून ठेवलं.

त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "चाल," म्हणाले. बोळाच्या तोंडाशीच बागेचं फाटक, सताड उघडं, कालच्या झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. मी आत वळले. बाबा वळले नाहीत. ते कुंपणाच्या कडेने पुढे निघाले.

"बाबा, फाटक उघडं हाये न!"

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मागे फटीपाशी चाचा नवे गज आणि मशीन घेऊन बसले होते. ते उठून बाजूला झाले. बाबांनी काठी माझ्या हातात दिली, शेजारचा गज धरला आणि डावा पाय उचलला. सावकाश. टाच आडव्या गजाला घासली, पण पलीकडे गेली. त्यांनी ती टेकवली, भार टाकला, पाय टिकला. मग उजवा. ते आत उभे होते आणि मला चाचांकडे बघवत नव्हतं, कारण त्यांचेही डोळे भरले होते.

बाबांनी आतून हात काढून काठी मागितली. शर्ट नीट केला. मग चाचांकडे वळून जुन्या साहेबी आवाजात म्हणाले, "लाव आता हे गज. लोकायनं फाटकातून यावं."