रंगाच्या खोलीतले खड्डे

गाडीचा बाहेरचा पत्रा कुणीही रंगवतो, असं पेंटरचं ठाम मत होतं. माणूस आत बसून रोज जिथे हात लावतो ते प्लास्टिक रंगवून दाखवा, मग बोला. जुन्या गाड्या घेऊन, चकाचक करून विकणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये त्याच्याकडे तेवढंच काम होतं. दाराची मूठ, गिअरभोवतीची चौकट, स्टिअरिंगवरच्या पट्ट्या. अंगठीनं, किल्लीनं, कुणाच्या तरी नखानं ओरखडलेला चंदेरी रंग तो असा जुळवायचा की गिऱ्हाईक बोटं फिरवून म्हणायचं, गाडी फार जपून वापरलेली दिसते. मालक मान डोलवायचा. खोटं बोलायचं काम मालकाचं आणि ते खरं करून दाखवायचं पेंटरचं. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीत गुडघे मोडून बसणारा हा माणूस स्वतःला तिथला राजा समजत असे.

त्याचं राज्य म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा जाड कागद लावून केलेली खोली, एक पंखा आणि रंग फवारायला टाकीत हवा भरणारा एक कॉम्प्रेसर. आत कुणाला पाऊल टाकू देत नसे. हातमोजे घालत नसे. घासून, पुसून झालेल्या प्लास्टिकवरून रंग मारण्याआधी उघडा तळवा फिरवायचा. "डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं," म्हणायचा. थिनरनं त्या हातांची पार वाट लागली होती. भेगांमधून रक्त यायचं. घरी बायको सांगायची, "चादर मी घालते, तुम्ही हात लावू नका. धागे निघतात."

शेडच्या दुसऱ्या टोकाला पॉलिशवाली बसे. गाडी तयार झाली की डॅशबोर्ड आणि सीटवर बाटलीतलं पॉलिश चोळून चमक आणायची, हे तिचं काम. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि शाळेत जाणारी दोन पोरं, सगळी त्या चमकेवर जगत होती. जीभ मात्र तिखट.

"दादा, काचपेपर कशाला विकत आणता? तुमचे तळवेच घासा की."

पेंटरला राग आला, पण तो गिळायच्या आत तिनं पिशवीतून मलमाची ट्यूब काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या. माझेही असेच झाले होते. लाज वाटत असेल तर घरी लावा."

त्यानं आधी घरी लावलं. आठवड्यात भेगा मिटायला लागल्या. मग दुपारी जेवून हात धुतल्यावरही लावायला लागला. बायकोनं चादर घालायला त्याला बोलावलं, तेव्हा तो चक्क लाजला.

त्याच सुमारास ती लाल स्पोर्ट्‌स कार आली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. बाहेरून नवरी, आतून मांजरानं ओरबाडलेली. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, मालकाला घाई होती. पेंटरनं सगळे चंदेरी तुकडे सोडवले, साबणानं धुतले, ओल्या काचपेपरनं घासले, स्पिरिटनं पुसले, तळवा फिरवला आणि रंगाचा पहिला हात मारला. बघता बघता रंग जागोजागी मागे सरला आणि गोल गोल खड्डे पडले, ओल्या रंगावर कुणी थुंकून गेल्यासारखे. सगळं खरवडून त्यानं परत मारलं. परत खड्डे.

हे कशानं होतं ते त्याला पाठ होतं. रंगाखाली सिलिकॉनचा अंश राहिला की रंग तिथून पळतो. आणि साऱ्या शेडमध्ये सिलिकॉन होतं एकाच बाटलीत, पॉलिशच्या. विचार करायची गरजच पडली नाही.

"माझ्या खोलीत कोण गेलं होतं?" सगळ्यांसमोर त्यानं पॉलिशवालीला विचारलं.

"तुमच्या खोलीत? तिथे माशीसुद्धा परवानगी काढून जाते, दादा."

मेकॅनिक हसले. खड्ड्यांपेक्षा ते हसू त्याला जास्त लागलं. तिचं पॉलिशचं फडकं उचलून तो तडक मालकाच्या केबिनमध्ये गेला. "ही राहील, नाहीतर मी."

मालकानं खड्डे पडलेली दाराची मूठ हातात घेतली, खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवली. संध्याकाळी पॉलिशवालीला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी परत खड्डे. या वेळी पेंटरनं मूठ दिव्याखाली धरली. खड्डे विखुरलेले नव्हतेच. चार एका ओळीत, एक खाली बाजूला. त्यानं आपली बोटं त्यावर नेली. चारही बरोबर बसली. पाचव्यावर अंगठा आला.

मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत सिलिकॉन लिहिलेलं होतं; ती त्यानं कचऱ्याच्या पिंपात तळाशी खुपसली. हात साबणानं धुतले, स्पिरिटनं धुतले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. नंतरचा रंग आरशासारखा बसला.

"बघ, ती गेली आणि पीडा गेली," मालक म्हणाला.

"हो," पेंटर म्हणाला. तेवढा एक शब्द उच्चारायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

लाल गाडी विकली गेली. भेगा परत आल्या.

मग एका दुपारी पॉलिशवाली दारात उभी. चेहरा उतरलेला, आवाज मात्र तोच. पलीकडच्या रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये जागा होती, पण खड्ड्यांची गोष्ट तिच्याआधी तिथे पोचली होती. "तिथला मालक म्हणतो, तुमच्या पेंटरनं हो म्हटलं तर ठेवतो. एक शब्द बोला, दादा. मी तुमच्या खोलीत कधी गेले नव्हते, एवढंच." तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला. देताना तिची नजर तळव्यावर गेली.

"परत फुटले? मलम लावत नाही का?"

"ते लावून काम होतं का?" नेहमीच्या तोऱ्यात तो बोलून गेला. "खड्डे पडतात."

तिनं त्याच्या तळव्यावरची नजर वर उचलली. मग हळू विचारलं, "काय पडतात?"

फोनमध्ये पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. ही बाई त्या शेडमध्ये बसली तर चार दिवसांत गावभर होईल, एवढं पेंटरला कळलं. तिच्या डोळ्यांत न बघता तो फोनवर म्हणाला, "बाई कामाला वाईट नाही. पण रंगाच्या आसपास ठेवू नका."

तिनं फोन काढून घेतला आणि सरळ केबिनमध्ये गेली. केबिनची भिंत म्हणजे प्लायवूड. सगळ्या शेडला ऐकू आलं.

"मालक, ते खड्डे पेंटरच्या हाताचे होते. मी दिलेल्या मलमाचे."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"चार बोटं आणि अंगठा. मी काय आंधळा आहे? त्याच दिवशी दिसलं." मालकाचा आवाज अगदी प्रेमळ होता. "हे बघ बाई, पॉलिशवाल्या उद्या सकाळी दारात दहा उभ्या राहतील. असा पेंटर मी कुठून आणू? आणि आता तर तो माझ्यापुढे मान वर करणार नाही. मला काय, चांगलंच झालं."

मेकॅनिकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

ती बाहेर आली. शिव्या देईल म्हणून पेंटरनं उत्तर तयार ठेवलं होतं. ती त्याच्यासमोर थांबली, पिशवी खांद्यावर नीट केली.

"घाबरू नका, दादा," ती म्हणाली. "तुमची नोकरी पक्की आहे."

ती रस्त्याला लागली. पेंटर खोलीत शिरला आणि बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला. पण हवेची टाकी आधीच भरलेली होती. यंत्र दोनदा धडधडून गप्प झालं, आणि शेडमधलं हसू त्याला नीट ऐकू आलं.