शून्याच्या अलीकडे

ऑफिसात तिला दशांशबाई म्हणत. तिसऱ्या दशांशावरून साहेबांशी हुज्जत घालणारी दुसरी होती कोण? हृदयाच्या ठोक्यांची नोंद गाळून स्वच्छ करणारी आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, तिनेच लिहिलेली. इस्पितळातले ठोके दाखवणारे पडदे त्या लायब्ररीवर चालत. नवा कंपायलर, म्हणजे तिचं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आला आणि लायब्ररीची पार गोगलगाय झाली. सोमवारी तिची ही नवी आवृत्ती इस्पितळात बसवायची होती. पडद्यावर ठोका उशिरा दिसला, तर पेशंटच्या जिवाशी खेळ.

चाचणीला पेशंटांच्या ठोक्यांच्या चाळीस फाइली. एकोणचाळीस झटपट सुटत, चाळिसावी अडून बसे. ती वडिलांची होती, शेवटच्या दिवसाची. आपल्याच बापाचे ठोके चाचणीला कोण वापरतं? हिने वापरले, कारण ते पुसून टाकवेनात.

भर दुपारी, वडिलांच्याच खोलीत बसून तिने फाइल पुन्हा चालवली. ठोके होते तोवर सगळं सुरळीत. ठोके थांबले, नर्सने तारा काढल्या, पुढे नुसती शून्यं; आणि नेमका तिथेच कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा तिथेच. शून्यं मोजताना यंत्राला एवढी धाप कशाने लागावी?

तिने आतले आकडे छापून पाहिले. शून्य नव्हतंच. दशांशचिन्हापुढे तीनशेवर शून्यं आणि मग काहीतरी, अगदी जरासं. लायब्ररी प्रत्येक नव्या आकड्यात आधीच्याचा थोडा अंश मिसळी; त्यामुळे शेवटच्या ठोक्याचा माग लहान लहान होत गेला होता, पण संपत काही नव्हता. जुना कंपायलर असले आकडे गुपचूप शून्य करून टाकी, हिला पत्ताच नव्हता. नवा मेला प्रामाणिक. एकेक जपून ठेवी, आणि तेवढ्याशासाठी यंत्राला घाम फुटे.

चहा घेऊन आलेली आई मागे येऊन उभी राहिली. "हे काय गं?"

"बाबांचा शेवटचा ठोका. अजून शून्य झालेला नाही."

आई बराच वेळ पंखा ऐकत राहिली. इस्पितळात नेण्याआधी याच खोलीत तिने त्यांच्या श्वासाची असली घरघर दोन महिने ऐकली होती.

"त्रास होतोय त्यांना," ती म्हणाली. "सोड आता."

उपाय एका ओळीचा होता: इतके बारीक आकडे शून्यच धर. तिने ती ओळ लिहिली आणि पुन्हा चालवून पाहिलं. फाइल चार सेकंदांत सुटली. पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला.

आईने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. "झोपले?"

"हो," ती म्हणाली, आणि तिने लायब्ररी इस्पितळाला पाठवून दिली.